हौशी रेडिओ समुदायातील अवांतर संभाषण : नियम, संकेत आणि सहिष्णुता

प्रस्तावना

समान छंदाने एकत्र आलेली माणसे त्या छंदाविषयीच बोलत असतील, अशी एक सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात असे क्वचितच घडते. बुद्धिबळाच्या मंडळात मुलांच्या परीक्षांचा विषय निघतो, गिर्यारोहकांच्या बैठकीत गुडघेदुखीवरील उपायांची देवघेव होते आणि मग कोणीतरी ज्येष्ठ सभासद 'आता विषयावर या' असे बजावतो. ही सूचना योग्य की अयोग्य, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु एखाद्या समूहाने अवांतर बोलणे किती सहन करावे, या प्रश्नाच्या उत्तरावर त्या समूहाचे स्वरूप, त्याचे आयुष्य आणि प्रसंगी त्याची उपयुक्तता अवलंबून असते.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार हौशी रेडिओ अर्थात हॅम रेडिओ समुदायाच्या इतिहासाच्या आधारे केला आहे. या समुदायाची निवड तीन कारणांनी केली आहे. एक, त्याला शंभर वर्षांहून अधिक काळाचा सलग इतिहास आहे. दोन, छंद म्हणून परस्परांशी बोलणाऱ्या माणसांनी काय बोलावे आणि काय बोलू नये याविषयी आंतरराष्ट्रीय करार व राष्ट्रीय कायदे झाले, असे उदाहरण दुर्मिळ आहे. तीन, रेडिओच्या एका कंप्रतेवर एका वेळी एकालाच बोलता येते; म्हणजे येथे एकाचे अवांतर बोलणे दुसऱ्याला खरोखरच अडवते. सहिष्णुतेची किंमत इतकी स्पष्ट दिसणारे दुसरे क्षेत्र सहसा आढळणार नाही.

या इतिहासातून असे दिसते की, अवांतर बोलण्याची मर्यादा विषयाच्या योग्यायोग्यतेवरून फारशी ठरली नाही. ती प्रथम महसुलाच्या आणि नंतर राजकीय सत्तेच्या भीतीवरून ठरली. समुदायाने मात्र ही मर्यादा शिष्टाचाराच्या मार्गाने सांभाळली आणि हा मार्ग बंदीपेक्षा अधिक टिकाऊ ठरला.

तारयंत्राचा वारसा आणि हौशी समुदायाचा उदय

बिनतारी संदेशवहनाच्या आधी तारयंत्र होते आणि अवांतर गप्पांची परंपराही तारयंत्रापासूनचीच आहे. एकोणिसाव्या शतकातील तारयंत्रचालक कामाचे संदेश नसत तेव्हा रिकाम्या तारेवरून एकमेकांशी गप्पा मारीत. ज्यांना कधी पाहिले नाही अशा सहकाऱ्यांना ते त्यांच्या टकटकीच्या ढबीवरून ओळखत. संभाषणाच्या शेवटी शुभेच्छा म्हणून '७३' हा अंक पाठवण्याची त्यांची पद्धत हौशी रेडिओचालकांनी जशीच्या तशी उचलली.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अनेक देशांतील तरुणांनी घरगुती साहित्यातून बिनतारी यंत्रे तयार करण्यास प्रारंभ केला. त्यांच्या प्रक्षेपणामुळे जहाजांच्या व नौदलाच्या संदेशांत व्यत्यय येतो, अशा तक्रारी होऊ लागल्या. एप्रिल १९१२ मधील 'टायटॅनिक' जहाजाच्या दुर्घटनेनंतर त्याच वर्षी अमेरिकेत रेडिओविषयक कायदा झाला. त्याने हौशी मंडळींना २०० मीटर व त्याहून कमी तरंगलांबीच्या पट्ट्यात लोटले. हा पट्टा त्या काळी निरुपयोगी मानला जात होता. याच पट्ट्यात प्रयोग करीत अमेरिका व फ्रान्समधील हौशी चालकांनी नोव्हेंबर १९२३ मध्ये अटलांटिक महासागरापलीकडे दुहेरी संभाषण साधले. लघुलहरींचे महत्त्व जगाच्या ध्यानात येण्यास या यशाचा मोठा हातभार लागला.

दरम्यान १९१३ मध्ये लंडनमध्ये व १९१४ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे या छंदाच्या संघटना स्थापन झाल्या. १९२५ साली पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय संघटना अस्तित्वात आली. भारतात हौशी रेडिओचा पहिला परवाना १९२१ साली दिला गेला. जून १९२३ मध्ये रेडिओ क्लब ऑफ बॉम्बे या हौशी संस्थेने मुंबईतून कार्यक्रमांचे प्रक्षेपण केले. भारतीय नभोवाणीच्या इतिहासाची सुरुवात येथून मानली जाते. तथापि देशातील परवानाधारकांची संख्या १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पन्नासहूनही कमीच होती.

'बिनमहत्त्वाचे' बोलण्याची सक्ती : १९२७ चा नियम

१९२७ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय रेडिओतार परिषद भरली. हौशी चालकांना स्वतंत्र कंप्रतापट्टे या परिषदेने प्रथमच अधिकृतपणे दिले. त्याचबरोबर त्यांनी काय बोलावे हेही ठरवून दिले. निरनिराळ्या देशांतील हौशी केंद्रांमधील संभाषण साध्या, सर्वांना समजेल अशा भाषेत असावे. ते प्रयोगांविषयीच्या संदेशांपुरते मर्यादित असावे. आणि त्याखेरीज बोलायचेच असेल तर जे बोलणे इतके बिनमहत्त्वाचे आहे की त्यासाठी सार्वजनिक तारसेवेचा आश्रय घेणे समर्थनीय ठरणार नाही, असेच खाजगी स्वरूपाचे बोलणे असावे, असा त्या नियमाचा आशय होता.

या नियमाकडे इतिहासाच्या अभ्यासकांनी लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. नियम करणाऱ्यांना अवांतर बोलण्याची चिंता नव्हती. चिंता होती ती महत्त्वाच्या बोलण्याची. कोणी रेडिओवरून फुकटात व्यापारी सौद्याचा किंवा नातेवाइकाच्या निधनाचा निरोप पाठवला, तर तारखात्याचा महसूल बुडेल, हे भय त्यामागे होते. त्यामुळे प्रयोगाव्यतिरिक्त बोलण्याला जी मुभा मिळाली ती बोलणे क्षुल्लक असण्याच्या अटीवरच. हवामान, घरातील मंडळींची खुशाली, बागेतील झाडे, नव्याने उभारलेली एरियल हे सारे वैध ठरले. त्याच वेळी त्रयस्थाचा एखादा अत्यंत निकडीचा निरोप पोहोचवणे अवैध ठरले.

भारतातील हौशी सेवेचे १९७८ चे नियमही याच साच्यात घडलेले होते. चाचण्यांविषयीचे तांत्रिक संदेश आणि बिनमहत्त्वाची वैयक्तिक टिप्पणी एवढ्यालाच त्यांत परवानगी होती. बातम्या, जाहिराती, व्यावसायिक निरोप, संगीत, राजकीय किंवा औद्योगिक वादाच्या विषयांवरील विधाने आणि मोबदला घेऊन अथवा त्रयस्थासाठी पाठवलेले संदेश यांना मनाई होती. प्रत्येक संभाषणाची नोंद वहीत करणेही बंधनकारक होते. येथे महसुलाच्या जोडीला सार्वजनिक सुव्यवस्थेचा विचार आलेला स्पष्ट दिसतो.

काळाने मात्र या व्यवस्थेवर विलक्षण भाष्य केले. जिनिव्हा येथील २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने आंतरराष्ट्रीय नियमातील बिनमहत्त्वाचेपणाची अट काढून टाकली आणि हौशी सेवेच्या उद्देशांशी निगडित संभाषण व वैयक्तिक टिप्पणी एवढाच उल्लेख ठेवला. ज्या तारसेवेच्या संरक्षणासाठी ही अट जन्मली, ती भारतातील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. हौशी मंडळींच्या गप्पा मात्र त्यानंतरही चालू राहिल्या.

समुदायाने निर्माण केलेले संकेत

कायद्याने बाह्य मर्यादा आखली. आतील व्यवस्था समुदायाने स्वतः लावली. या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की, तिने विषयांची यादी केली नाही, तर बोलण्याची रीत ठरवली.

अमेरिकेतील पॉल सेगल यांनी १९२८ साली हौशी चालकाची आचारसंहिता लिहिली. चालक विचारी, निष्ठावान, प्रगतिशील, मैत्रीपूर्ण, समतोल आणि देशप्रेमी असावा, अशी सहा सूत्रे तीत आहेत. मैत्रीपूर्ण असणे म्हणजे नवशिक्याने विनंती केल्यास संथ गतीने व धीराने संदेश पाठवणे आणि त्याला सल्ला देणे. समतोल असणे म्हणजे घर, नोकरी व समाज यांविषयीच्या कर्तव्यांत या छंदाचा अडथळा न येऊ देणे. चालकाने कोणत्या विषयावर बोलावे, याचा उल्लेख या सूत्रांत नाही. दुसऱ्याचे भान ठेवावे, हा आग्रह मात्र सर्वत्र आहे.

लांबलचक गप्पांना इंग्रजी भाषक चालकांमध्ये 'रॅग-च्यू' म्हणजे चिंध्या चघळणे असे थट्टेचे नाव आहे. अमेरिकन संघटनेने ही थट्टा मनावर न घेता अशा गप्पा मारणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र मंडळच काढले. किमान अर्धा तास संभाषण करणाऱ्यास त्याचे सभासदत्व मिळे. केवळ संकेतबल कळवून दुसऱ्या केंद्राकडे वळणाऱ्या घाईच्या चालकांपुढे निवांत संभाषणाचा आदर्श ठेवणे, हा त्यामागील हेतू होता. ज्या गोष्टीस अन्यत्र वेळेचा अपव्यय म्हटले गेले असते, तिला येथे कौशल्याचा मान मिळाला.

या सर्व संकेतांत सर्वांत महत्त्वाचा संकेत सर्वांत साधा आहे. आपले बोलणे संपवून कंप्रता दुसऱ्याच्या स्वाधीन करताना मध्ये क्षणभर थांबावे, असा दंडक चालक पाळतात. त्या विरामात तिसऱ्या कोणालाही 'ब्रेक' असे म्हणून प्रवेश मागता येतो आणि निकडीचे काम असलेल्यास तत्काळ वाट दिली जाते. नियमित वेळी ठरावीक कंप्रतेवर भरणाऱ्या सामुदायिक बैठकीला 'नेट' म्हणतात. तेथे एक नियंत्रक हजेरी घेतो आणि प्रत्येकास क्रमाने बोलण्याची संधी देतो. अशा बैठकीत एखादा चालक आपल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेविषयी दहा मिनिटे बोलला तरी त्याला कोणी अडवत नाही. परंतु त्याने विराम न ठेवता बोलत राहणे मात्र असभ्यपणाचे मानले जाते. सहिष्णुतेचे रहस्य या विरामात आहे. अवांतर बोलणारा ज्या क्षणी दुसऱ्यासाठी जागा सोडतो, त्या क्षणी त्याच्या अवांतराचा उपद्रव संपतो.

मज्जाव आणि त्याचे परिणाम

बोलण्यावर कठोर बंधने आली तेव्हा काय घडले, याचीही उदाहरणे या इतिहासात आहेत. जून १९४० मध्ये अमेरिकेने आपल्या हौशी चालकांना परदेशी केंद्रांशी बोलण्यास मनाई केली आणि डिसेंबर १९४१ मध्ये हौशी प्रक्षेपण बंद केले. भारतात १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने नवे परवाने थांबवले आणि हौशी चालकांनी आपली प्रक्षेपणयंत्रे पोलिसांच्या स्वाधीन करावीत असे लेखी आदेश काढले.

या आदेशांची पार्श्वभूमी असताना मुंबईत जे घडले ते सर्वश्रुत आहे. 'छोडो भारत' आंदोलनाच्या काळात, ऑगस्ट १९४२ पासून नोव्हेंबर १९४२ पर्यंत, काँग्रेस रेडिओ हे गुप्त केंद्र मुंबईतून चालवले गेले. उषा मेहता व त्यांचे सहकारी ते चालवीत असत आणि त्याच्या यंत्रणेच्या उभारणीत नरिमन प्रिंटर या रेडिओतंत्रज्ञांचा सहभाग होता. पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून केंद्राची जागा वारंवार बदलावी लागे. नोव्हेंबरमध्ये छापा पडला आणि उषा मेहतांना चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

काँग्रेस रेडिओ हे हौशी संभाषणाचे केंद्र नव्हते, हे खरे. परंतु त्याचे कौशल्य छंदाच्याच वातावरणात वाढले होते आणि त्यातून येथील विवेचनास आवश्यक असा एक प्रश्न उपस्थित होतो. 'राजकारण हा आपला विषय नव्हे' असे समुदायाने म्हणणे शांततेच्या काळात समंजसपणाचे ठरते. निरनिराळ्या देशांची, धर्मांची व मतांची माणसे एका कंप्रतेवर नांदतात ती या संयमामुळेच. पण जेथे देशच पारतंत्र्यात आहे तेथे हा संयम सत्तेच्या सोयीचा होतो. अवांतर म्हणून बाजूला ठेवलेला विषय हाच माणसांच्या जीवनमरणाचा विषय असू शकतो. विषयबाह्यतेचा नियम कोणी केला आणि तो कोणाच्या सोयीचा आहे, हे विचारल्यावाचून सहिष्णुतेची चर्चा पूर्ण होत नाही.

शीतयुद्धाच्या काळातील सोव्हिएत संघाचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. तेथील हौशी चालक परदेशी चालकांशी संपर्क करीत. संपर्काच्या पुष्टीची कार्डे मॉस्को येथील ८८ क्रमांकाच्या टपालपेटीमार्फत जात-येत. संभाषण मात्र बहुधा संकेतबल, नाव, गाव, उपकरण आणि हवामान एवढ्यावरच आटोपत असे. तरीही पाश्चात्त्य चालकांना ही त्रोटक संभाषणे मोलाची वाटत. शत्रुराष्ट्रातील एका माणसाचे नाव कळणे आणि त्याच्या गावी बर्फ पडत असल्याचे समजणे, एवढीही ओळख त्या काळी सहजसाध्य नव्हती. जॉर्डनचे राजे हुसेन हेही हौशी चालक होते. 'जेवाय१' या संकेतनामाने ते सामान्य चालकांशी बरोबरीच्या नात्याने बोलत. पदाची चर्चा वर्ज्य आणि व्यक्तिगत बोलणे ग्राह्य, या रिवाजाने निर्माण केलेली ही समता उल्लेखनीय आहे.

आपत्तीचा काळ आणि परिचयाचे मोल

हौशी रेडिओच्या समर्थनार्थ आपत्तीतील सेवेचा दाखला नेहमी दिला जातो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर-किल्लारी येथे आणि २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातमधील भूज येथे झालेल्या भूकंपांनंतर भारतातील हौशी चालकांनी संदेशवहनाचे काम केले. भारतीय नियमांतही त्रयस्थ-संदेशांच्या मनाईला अपवाद होता : नेहमीची दळणवळणव्यवस्था कोलमडल्यास सक्षम नागरी अधिकाऱ्यांचे नैसर्गिक आपत्तीविषयक संदेश वाहण्यास मुभा होती.

डिसेंबर २००४ मधील अंदमानची घटना या दृष्टीने विशेष बोलकी आहे. हैदराबाद येथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ या संस्थेचे पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअर येथे गेले होते. अंदमानमधून हौशी प्रक्षेपणाची परवानगी दीर्घकाळानंतर मिळाली असल्याने जगभरातील चालक तेथील संपर्कासाठी उत्सुक होते. मोहीम निखळ छंदाची होती. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप व त्सुनामी आली, दळणवळण कोलमडले आणि हेच केंद्र संकटग्रस्तांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीकडे पाठवू लागले. पुढे कार निकोबार येथूनही संपर्क साधण्यात आला. मुख्य भूमीवरील हौशी चालकांनी हे संदेश झेलून पुढे पोहोचवले.

येथे एक आक्षेप संभवतो. अशा मोहिमांतील संभाषण अत्यंत त्रोटक असते. संकेतनाम आणि संकेतबल सांगितले की संपर्क संपतो. मग आपत्तीतील यशाचे श्रेय अवांतर गप्पांना कसे देता येईल? आक्षेप रास्त आहे आणि सर्व श्रेय गप्पांना देणे अतिशयोक्तीचेच होईल. यंत्रांची सिद्धता, प्रशिक्षण आणि शिस्त यांवाचून काहीच साधले नसते. परंतु निरोप पाठवणाऱ्या एका केंद्राला तो ऐकणारी अनेक केंद्रे लागतात. ऐकणारे दररोज यंत्रापाशी बसतात ते आपत्तीच्या प्रतीक्षेत नव्हे. आपत्ती दहा वर्षांतून एकदा येते. मित्राचा आवाज रोज सकाळी येतो. रोजच्या बैठकीत कोणाचे यंत्र किती दूर पोहोचते, कोण भरवशाचा आहे, कोणाचा आवाज दबलेला असला म्हणजे काहीतरी बिघडले आहे, हे ज्ञान कोणीही हेतुपूर्वक न मिळवता साठत जाते. संकटाच्या वेळी उपयोगी पडते ते हे साठलेले ज्ञान. हा निष्कर्ष अनुमानाचा आहे. परंतु हौशी मंडळींची रोजची रीत पाहता तो सयुक्तिक वाटतो.

सहिष्णुतेच्या मर्यादा

अवांतर संभाषणाचा गौरव करताना त्याचे दोष झाकणे योग्य होणार नाही. जुन्या मित्रांच्या गप्पांमध्ये नवागत परका राहतो. ज्यांचे संदर्भ त्याला ठाऊक नाहीत अशा विनोदांवर इतर हसतात आणि तांत्रिक शंका विचारण्यासाठी आलेला तरुण निमूटपणे यंत्र बंद करतो. परिचयाने जसा विश्वास वाढतो तसे कोंडाळेही तयार होते. शिवाय कंप्रता मर्यादित असल्याने एका गटाचा दीर्घ संवाद म्हणजे दुसऱ्याची प्रतीक्षा, हे वास्तव शिष्टाचाराने सौम्य होते, नाहीसे होत नाही.

या दोषांवर समुदायाने शोधलेले उपाय तीन प्रकारचे आहेत. गप्पा लांबणार असतील तर परस्परसंमतीने दुसऱ्या कंप्रतेवर जाणे, हा पहिला. हजेरीच्या वेळी नवागतास प्रथम बोलावणे, हा दुसरा. आणि विराम ठेवणे हा तिसरा व सर्वांत प्रभावी. यांपैकी एकाही उपायात विषयावर बंदी नाही, ही बाब पुन्हा अधोरेखित करावीशी वाटते.

समारोप

१९२७ च्या परिषदेतील नियमकर्त्यांनी बिनमहत्त्वाचे बोलणे हे निरुपद्रवी म्हणून सोडून दिले. त्यांच्या दृष्टीने ती सवलत नगण्य होती. त्या सवलतीतच या समुदायाचा संसार उभा राहिला. खुशाली, हवामान आणि घरगुती सुखदुःखे यांच्या देवघेवीतून अनोळखी माणसे ओळखीची झाली आणि ओळखीची माणसे प्रसंगी एकमेकांच्या व इतरांच्या उपयोगी पडली. उलट, ज्यांनी बोलण्याचे विषय वरून ठरवून दिले त्यांनी समुदायाला शिस्त लावली की सत्तेची सोय पाहिली, हे प्रत्येक प्रसंगी तपासावे लागते.

ज्ञानाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनाही हा इतिहास अपरिचित वाटू नये. आपल्या विभागांतील बैठका आणि अभ्यासमंडळे यांतही विषयपत्रिकेबाहेरच्या बोलण्याकडे आपण बहुधा अपव्यय म्हणूनच पाहतो. एखाद्या सहकाऱ्याच्या घरी काय चालले आहे हे ज्या मंडळात कोणालाच ठाऊक नसते, ते मंडळ विषयपत्रिका वेळेत संपवते. त्याच्या अडचणीत मात्र ते उभे राहू शकेल का, हे सांगता येत नाही. म्हणून 'विषयावर या' असे म्हणण्यापूर्वी बोलणाऱ्याने इतरांसाठी विराम ठेवला आहे का, एवढेच पाहावे. तो ठेवला असेल, तर त्याला बोलू द्यावे.